दुसरी चावी

इद्रीसभाईंना यंत्राबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे तोंडची वाफ दवडणं. चाळीस वर्षं भिवंडीच्या नारपोलीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवलेला माणूस. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी बाराच्या बारा लूम पुतण्याच्या हवाली केले आणि स्वतःसाठी एक पांढरी गाडी घेतली, सीएनजीचं किट बसवलेली. त्या दिवसापासून लूमवरची सगळी माया गाडीवर गेली.

माया गेली ती तिच्या सवयींसकट. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी कारखान्यात कापसाचा भुगा झाडायचा आणि यंत्राला तेल द्यायचं. इद्रीसभाई गाडीलाही दर शुक्रवारी हेच करत. ब्रशने बॉनेटच्या आतली धूळ झाडत, दाराच्या बिजागऱ्यांना तेल देत, नमाजाला जायच्या आधी चारही चाकांवरून ओला फडका फिरवत. गाडीत धूळ शोधून सापडली नसती. गल्लीतली माणसं म्हणत, इद्रीसभाईंच्या गाडीत बसायला अंघोळ करून यावं लागतं.

लुमांच्या खटखटाटाने त्यांचे कान अर्धेअधिक गेले होते. पण कानांनी जे गमावलं ते तळहातांनी कमावलं होतं. चालत्या लूमवर नुसता पंजा ठेवून कुठला पट्टा सैल आहे हे ते सांगत, आणि ते कधी चुकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आता गाडी सुरू केली की ते डॅशबोर्डवर पंजा ठेवत, डोळे मिटत आणि मान हलवत. मगच गिअर पडायचा.

सालेहा हे बत्तीस वर्षं बघत होती. आधी लूम, आता गाडी. नवरा वाईट होता अशातला भाग नाही. भला माणूस, हाताचा सढळ, कधी तोंडातून वाकडा शब्द नाही. फक्त घराबाहेर पडताना तिने विचारलं, "कधी येणार?" की तो म्हणायचा, "येईन." कुठे चाललाय नाही, किती वाजता नाही. येईन. बत्तीस वर्षांत त्या उत्तराला दुसरा शब्द जोडला गेला नव्हता.

आणि सालेहाला कुठे जायचं असलं की? तिची धाकटी बहीण मारिया खारबावला राहायची. गाडीने म्हणाल तर अर्ध्या तासाची वाट. पण तिथे जायला आधी इद्रीसभाईंचा मूड, मग पुतण्याची सवड, मग रिक्षावाल्याचे नखरे. मारियाला दोन दिवस ताप असला की सालेहा पोहोचेपर्यंत ती उठून भाकऱ्या भाजत असायची. सालेहाला याचा राग येत असे. मनातल्या मनात येई, पण सडकून येई.

म्हणून चोपन्नाव्या वर्षी तिने ड्रायव्हिंग शिकायला सुरुवात केली. चोरून अजिबात नाही. रोज दुपारी बुरखा चढवताना ती नवऱ्याला सांगायची, "मी गाडी शिकायला जाते." जरा हळू आवाजात सांगायची, एवढंच. ऐकू न येणं हा काही तिचा गुन्हा नव्हता.

राहनाळला गोदामांच्या रांगेमागे जानू मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांची मुलगी धम्मदिना बायकांना गाडी शिकवायची. तिशीची, ठणठणीत आवाजाची, नखांत कायम थोडं ग्रीस. तिचा एक नियम होता: पहिले तीन दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसायची, परत बुडवायची, कुठवर ओली झाली ते बघायचं. कूलंटची बाटली कुठली, ब्रेकच्या तेलाची कुठली. टायरच्या खाचा किती झिजल्या. बायका वैतागायच्या, आम्ही मिस्त्री व्हायला आलो नाही म्हणायच्या. धम्मदिना म्हणायची, "रस्त्यात बंद पडली की कुणाच्या तोंडाकडे बघणार? मग आधी हिच्याच तोंडात बघा."

सालेहाला ते फार आवडलं. गाडीत बसली की ती धम्मदिनाला 'मॅडम' म्हणायची आणि खाली उतरली की 'पोरी'. धम्मदिना तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. दोनदा गिअर चुकला, एकदा भाजीच्या हातगाडीला आरसा घासला, आणि तिसऱ्या महिन्यात सालेहा परीक्षा पास झाली.

लायसन्स पोस्टाने घरी आलं आणि नेमकं इद्रीसभाईंच्याच हातात पडलं. त्यांनी पाकीट उघडलं, फोटो बघितला, बायकोकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ही तू हायस?"

"मीच हाय."

"कधी शिकलीस?"

"रोज सांगून जात होते," सालेहा या वेळी मोठ्याने म्हणाली. "तुम्ही मान हलवत होताव."

इद्रीसभाई आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की लायसन्स आहे म्हणजे हिला गाडी लागणार, आणि त्यांचं हसू आटोपलं. गाडीची दुसरी चावी त्यांनी कपाटात आत ठेवली होती, लाकडी कांडीला बांधून. लूमच्या धोट्यात सुताची कांडी बसते ना, तसली एक जुनी, हाताने गुळगुळीत झालेली. पहिल्या लूमची आठवण म्हणून त्यांनी ती जपली होती.

"मला ती दुसरी चावी पाहिजे," सालेहा म्हणाली.

इद्रीसभाईंनी दाढी खाजवली. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांनी तोड काढली. "हफसाच्या हळदीला खारबावला जायचं हाय ना? तू चालव. मी बाजूला बसतो, गप. वाटेत गाडी एकदा पन थांबली न्हाय, बंद पडली न्हाय, तर चावी तुझी."

हफसा म्हणजे मारियाची मुलगी. तिची हळद तीन आठवड्यांवर होती.

"आणि तुम्ही एक शब्द बोललाव तर?"

"न्हाय बोलनार. अल्ला कसम."

सालेहाने ही बातमी धम्मदिनाला सांगितली तेव्हा तिला वाटलं पोरगी शाबासकी देईल. तिने तर कपाळाला आठ्या घातल्या. "मी न बघितलेल्या गाडीत माझ्या बाईला परीक्षेला पाठवत न्हाय. उद्या येते."

इद्रीसभाई जोहरची, दुपारची नमाज पढून आले की जेवून तासभर झोपत. त्या वेळेत छत कोसळलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. खुंटीवरची चावी घेऊन सालेहा खाली आली. धम्मदिनाने बॉनेट उघडलं आणि शीळच घातली. "खाला, ही गाडी हाय का नवरी?" मग ती आत बसली, आणि तिची नजर एका स्टिकरवर थांबली. सफरच्या दुआचं, प्रवासाला निघताना म्हणायच्या प्रार्थनेचं, छान हिरवं स्टिकर, बरोबर पेट्रोलच्या काट्यावर चिकटवलेलं.

"हे इथे कशाला?"

"ते म्हणतात तो काटा बघायची गरजच न्हाय. त्यांची गाडी फक्त गॅसवर चालते."

"फक्त? सुरू पन गॅसवरच करतात?"

सालेहाने होतं तसं सगळं सांगितलं. इद्रीसभाई गॅसच्या किटचं बारकं बटण दाबून धरत आणि गाडी थेट गॅसवर सुरू करत. टाकीत दीड वर्षापूर्वीचं तळाला गेलेलं पेट्रोल होतं, त्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता. कारण साधं होतं. लूमवर एका बीमला, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाला, एकच सूत. जाड आणि बारीक सूत एका बीमवर घेतलं की कापडाचा सत्यानाश. मग एका इंजिनाला दोन इंधनं कशी चालतील? हा विचार नारपोलीच्या लूमवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नाही.

धम्मदिनाने दोन्ही हात डोक्याला लावले. "खाला, सीएनजी वाईट न्हाय. पन गॅसची गाडी पन पेट्रोलवरच जागी होते. ते बटण अडीअडचणीला ठेवलंय, रोजच्याला न्हाय. सकाळी थंड इंजिनाला थेट गॅस दिला की ते आतून कोरडं पडतं. आणि पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडून असतो, तेच त्याला थंड ठेवतं. तळाशी वाटीभर शिळं पेट्रोल, त्यात तो बिचारा बसलाय. आता गॅस संपला तर ही गाडी तिथंच झोपनार."

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. पेट्रोल थोडं असावं म्हणतात टाकीत, ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली. इद्रीसभाईंनी घास खाली ठेवला. "एका बीमवर दोन सूतं? सालेहा, तू आता मला मशीन शिकवनार?" आणि त्यांनी घास पुन्हा उचलला. विषय मिटला.

मिटला त्यांच्यापुरता. दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मदिना हातपंप, प्लास्टिकचा कॅन आणि वडिलांची हत्यारांची पेटी घेऊन हजर झाली. भर गल्लीत तिने मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं आणि जुनं पेट्रोल उपसलं. चहाच्या रंगाचं निघालं, वासही रंगाच्या दुकानासारखा. पंप काढून साफ केला, जाळी बदलली, नवं पेट्रोल भरलं. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली होती. समोरचा दामू किराणावाला टॉर्च धरून उभा राहिला. वर इद्रीसभाई घोरत होते, ते खालपर्यंत ऐकू येत होतं, आणि प्रत्येक घोरण्याला गल्ली तोंड दाबून हसत होती.

"आता रोज सकाळी पाच मिनिटं पेट्रोलवर सुरू ठेवायची," धम्मदिना पेटी बंद करत म्हणाली. "आणि एकदा तरी रस्त्यावर पेट्रोलवर पळवून बघा. उभी राहून चालणं वेगळं, वजन ओढणं वेगळं."

पाच मिनिटांचं सालेहाने डोळ्यांत तेल घालून पाळलं. इद्रीसभाई फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर चहाच्या टपरीवर बसत तेवढ्यात ती खाली उतरायची, गाडी पेट्रोलवर जागी करायची, ऑइलची पट्टी बघायची, चाकांवर नजर टाकायची. त्या पाच मिनिटांत तिला वाटायचं की घरातली एक खोली तिची स्वतःची झाली आहे. पण रस्त्यावर नेऊन बघणं काही जमलं नाही. चावी खुंटीवर परत जायला हवी असायची.

हळदीचा दिवस उजाडला. सालेहाने पहाटे उठून तांदळाची सांदणं वाफवली, नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र. दोन मोठी पातेली फडक्यात बांधून मागच्या सीटवर ठेवली. सांदणं गरम असतानाच खारबावला पोहोचायची होती. मारियाने फोनवर सांगून ठेवलं होतं की गार सांदण हफसाच्या सासरचे खाणार नाहीत.

इद्रीसभाई गॅस भरायला गेले होते ते हात हलवत परत आले. पंपावर प्रेशर नाही, रांग रस्त्यापर्यंत. "हाय तेवढा पुरेल," ते म्हणाले आणि बाजूच्या सीटवर बसले. अंगात नवा कुर्ता, तोंडाला कुलूप. सालेहाने बिस्मिल्ला म्हणून गाडी सुरू केली. गॅस किती उरला ते दाखवणाऱ्या किटवरच्या चार दिव्यांपैकी एकच पेटला होता.

नारपोलीतून ती सफाईने बाहेर पडली. इद्रीसभाईंनी दोनदा पाय दाबला, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हताच. पण बोलले नाहीत. अंजूरफाट्याला मात्र कंटेनरची ही रांग लागलेली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे सांदणांची गाडी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. इंजिन चालू, गॅस जळतोय.

इद्रीसभाईंच्या कपाळावर घाम आला. तो एकुलता दिवा लाल होऊन लुकलुकायला लागलेला त्यांनी बघितला होता. आता गाडी बंद पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि दोष कुणाचा? गॅस त्यांनी भरला नाही, पेट्रोल त्यांनी ठेवलं नाही. हरणार मात्र ही. माणूस न्यायी होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, कसम आठवली, तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मासळीबाजारातल्या माशासारखं त्यांचं चाललं होतं.

सालेहाला ते सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पेट्रोल आहे हे तिला माहीत होतं, पण दोन माणसं, दोन पातेली आणि खारबावचे खड्डे हे सगळं तो साफ केलेला पंप ओढेल का, हे कुठे माहीत होतं? चावी आज गेली की गेली. पुन्हा मागायची हिंमत होईल की नाही कोण जाणे.

रांग सुटली. सालेहाने फाटा ओलांडला, गाडी खारबावच्या रस्त्याला लागली. आणि एका चढावर किटने पीं पीं पीं केलं. गॅस संपला, किटने गाडी आपोआप पेट्रोलवर टाकली. इद्रीसभाईंना ते ऐकू आलं नाही. पण त्यांचा पंजा सवयीने डॅशबोर्डवर होता. गाडीने एक बारकीशी उचकी दिली. सालेहाने पाय न उचलता हळूच थोडा आणखी दाबला, धम्मदिनाने शिकवलं होतं तसाच.

गाडीने चढ चढला. नुसता चढला नाही, झपकन चढला.

इद्रीसभाई सीटवर ताठ झाले. त्यांनी पंजा उचलला, परत ठेवला, दुसराही ठेवला. "थांब!" ते ओरडले. "थांब, सालेहा! कायतरी बदललंय! हिचा हातच वेगळा लागतोय!"

"थांबले तर चावी जाईल," सालेहा म्हणाली.

"अगं पन ही चालते कशावर हाय?"

"आणि तुम्ही बोललाव. कसम मोडली."

इद्रीसभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग दोन्ही पंजे पुन्हा डॅशबोर्डवर टेकवून ते डोळे मिटून बसले. खारबाव येईपर्यंत तसेच बसले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक नवल उतरत गेलं. यंत्र सुखात चाललं आहे हे त्यांच्या हातांना कळत होतं, आणि ते हात खोटं बोलणारे नव्हते.

मारियाच्या दारात मांडव होता, आतून बायकांची हळदीची गाणी येत होती. सालेहाने गाडी मांडवाच्या खांबापासून वीतभर अंतरावर नीट उभी केली. तिला एवढा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. पातेली उतरवली, झाकण उघडलं, सांदणांतून वाफ निघाली.

इद्रीसभाई बॉनेटवर पंजा ठेवून उभे होते.

"पेट्रोल?"

"पंधरा दिवस झाले. टाकी साफ केली, पंप साफ केला. रोज सकाळी पाच मिनिटं चालवते."

"कुनी केलं?"

"धम्मदिनाने. तुम्ही झोपला होताव."

"गल्लीत कुना कुनाला म्हाईत हाय?"

सालेहाने जरा विचार केला. "सगळ्यांना."

क्षणभर इद्रीसभाई गंभीर झाले. मग पोटापासून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अर्धवट बहिऱ्या माणसाचं हसणं ते, गाणी म्हणणाऱ्या बायकाही थांबून बाहेर बघायला आल्या. हसून झाल्यावर ते गाडीत वाकले. पेट्रोलच्या काट्यावरचं हिरवं स्टिकर त्यांनी नखाने अलगद, एक कोपराही न फाडता सोडवलं आणि वर काचेच्या मधोमध लावलं. खाली काटा अर्ध्यावर उभा होता.

"दीड वर्ष मी हिला उपाशी ठेवलं," ते म्हणाले. "रोज पुसत होतो, आणि उपाशी ठेवलं."

मग त्यांनी कुर्त्याच्या खिशात हात घातला. बाहेर आली ती लाकडी कांडी, तिला बांधलेली दुसरी चावी.

सालेहाने विचारलं, "ही इथे कशी?"

"सकाळीच घेऊन निघालो होतो," इद्रीसभाई म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलतायत, पण अख्ख्या मांडवाने ऐकलं. "तू पोचनार हे म्हाईत होतं. मला गाडीचा भरवसा वाटत नव्हता."

बत्तीस वर्षांत हा माणूस तिच्याशी असं कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो पन्नास माणसांसमोर. तिने कांडी मुठीत घट्ट धरली. मारियाने हळदीच्या बोटांनी तिच्या गालावर पिवळा पट्टा ओढला आणि विचारलं, "आपा, तुझी ती मॅडम कुठं हाय? तिला पन बोलावलं होतं ना?"

धम्मदिनाचा फोन तासापूर्वीच येऊन गेला होता. तिची स्कूटर गॅरेजात उघडून पडलेली, आणि फाट्यावर रिक्षा मिळत नव्हती.

"मी आणते तिला," सालेहा म्हणाली.

ती एकटी गाडीत बसली. आरसा नीट केला, काटा बघितला, कांडीची चावी फिरवली. बाजूची सीट रिकामी होती आणि रस्ता समोर मोकळा पडला होता. इद्रीसभाई खिडकीशी आले. त्यांनी छतावर पंजा ठेवला, आणि काहीतरी विचारायचं आहे पण सवय नाही अशा चेहऱ्याने वाकून म्हणाले, "कधी येशील?"

सालेहाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"येईन," ती म्हणाली.